बी एक, पेरणी एक, प्लॉट दोन तऱ्हांचा: उन्हाळी टोमॅटोची रोपं कणखर करण्याचं प्रकरण

जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटोची लागवड फेब्रुवारीत सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. हा माल मे-जूनच्या पुढे बाजारात येतो, तेव्हा बाकी भागांतली आवक कमी झालेली असते. म्हणून नारायणगावच्या बाजारात भाव सापडण्याची आशा असते. २०२३ च्या जुलैत वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हापासून ही आशा जरा जास्तच फोफावली आहे. भावाची गोष्ट आधी काढली, कारण या लागवडीला कायम घाई असते. चार दिवस उशीर झाला तर बाजार हुकेल ही धास्ती सगळ्यांनाच. या प्रकरणातलं बरंचसं नुकसान त्या धास्तीच्या खात्यावर जातं.

गाव कुकडीच्या कालव्याखालचं, प्लॉट एक एकराचा. बेड पाच फुटांवर, रोप दीड फुटावर, वर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरायचं प्लास्टिक, खाली ठिबक. सहा हजारांच्या आसपास रोपं एका रोपवाटिकेतून आली. १०४ कप्प्यांचे प्रो-ट्रे, त्यात मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), रोपं बावीस दिवसांची, वाण एक आणि बीही एकाच दिवशी टाकलेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो दारात उभा राहिला. जेवणं उरकून दोन वाजता बायकांनी लागवडीला हात घातला आणि अंधार पडेपर्यंत वरचा पट्टा, म्हणजे प्लॉटचा साठ टक्के भाग लावून झाला. खालच्या पट्ट्याची सबमेन, म्हणजे ठिबकला पाणी देणारा पाईप, त्याच संध्याकाळी फुटली. ती जोडली तोवर मजूर कांदा काढायला गेलेले. उरलेले ट्रे आठवडाभर घराच्या अंगणात पडून राहिले आणि मगच लागले.

उशिरा लागलेला खालचा पट्टा जवळजवळ पूर्ण उभा राहिला. वेळेवर लागलेल्या वरच्या पट्ट्यात तीनातलं एक रोप गेलं. "साहेब, तीच रोपं, तेच पाणी. वरच्या पट्ट्याच्या मातीत काही आहे का?" असा प्रश्न घेऊन प्लॉटमालकांनी मला बोलावलं.

दिसत काय होतं

वरच्या पट्ट्यात लागवडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके डाग दिसू लागले होते. पानाची जी बाजू आभाळाकडे, तिथेच डाग. शिरांमधला भाग आधी फिका, मग कागदासारखा कोरडा. दुपारी रोपं माना टाकत आणि पहिले दोन दिवस संध्याकाळी सावरत, पुढे त्यांतली काही सावरेनाशी झाली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडू लागली. बुडाशी रोप पडलं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: मर. दुकानातून आणलेल्या मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाची आळवणी झाली, म्हणजे ते पाण्यातून बुडाशी ओतलं, त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइडची. पडणाऱ्या रोपांची संख्या पुढे कमी झाली खरी, पण ती आळवणीने झाली असं मानायला आधार नाही. जी पडायची होती ती पडून गेली होती.

मर आणि भाजणं हाताने ओळखता येतं. मर बुरशीची असेल तर खोड मातीच्या रेषेजवळ पाणचट, तपकिरी, मऊ होतं, बोटांनी दाबलं तर साल निसटते आणि मुळंही तपकिरी निघतात. शिवाय ती ठिगळाठिगळाने पसरते, पाणी जास्त साठतं तिथे अधिक. इथे उपटलेल्या रोपांची मुळं पांढरी, कोकोपीटच्या गोळीबाहेर नुकती डोकावलेली. खोडावरचा चट्टा कोरडा, फिकट, आत बसलेला आणि मातीच्या रेषेपासून बोटभर वर, जिथे मल्चिंगच्या भोकाची कड खोडाला टेकते तिथे. मार्चच्या उन्हात प्लास्टिक तापतं, त्याखाली कोंडलेली गरम हवा भोकातून वर येते आणि कोवळ्या खोडाला चटका बसतो. पडलेली रोपं पट्टाभर विखुरलेली होती, कुठे ठिगळ नव्हतं. पानांवरचे डागही नव्या पानांवर चढत नव्हते. शेतात आल्यावर फुटलेला शेंडा जिथे जगला होता तिथे स्वच्छ हिरवा होता. रोग असता तर शेंडा असा सुटला नसता.

म्हणजे माती निर्दोष. रोपं भाजली होती, पानं उन्हाने आणि बुडं प्लास्टिकने.

रोप कुठून आलं

रोपवाटिका बघितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नव्हता. बांधणी चांगली होती: वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, बाजूंनी बारीक कीटकरोधक जाळी, दिवसातून तीनदा फवाऱ्याचं पाणी, एक-दोन दिवसांआड १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत). रोपं लुसलुशीत, लांब, फिकट हिरवी, बघणाऱ्याला भुरळ पडावी अशी. मधल्या रांगांतला ट्रे आणि काठावरचा ट्रे शेजारी ठेवला तर फरक लगेच दिसे. काठावरची रोपं दोन बोटं बुटकी, खोड जाड, बुडाशी जांभळी झाक. तिथे कडेने तिरपं ऊन आणि थोडा वारा लागत होता, बस.

रोपवाटिकेच्या मालकांशी बोलताना त्यांनी एक गोष्ट लपवली नाही. "कणखर रोप दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, रोप मागं राहिलंय. उंच दाखवलं की लगेच उचलतं." हा प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. पूर्वी शेतकरी स्वतःच्या गादीवाफ्यावर रोपं करी, तेव्हा ती उघड्यावरच वाढत आणि लागवडीआधी काही दिवस पाणी तोडणं ही रीतच होती. रोप विकत यायला लागल्यावर तो शेवटचा आठवडा कोणाचाच उरला नाही. रोपवाटिकेला ट्रे रिकामे करून पुढची पेरणी घ्यायची असते, शेतकऱ्याला टेम्पो आला त्याच दिवशी रोप जमिनीत हवं असतं. लागवडीआधी रोपाला हळूहळू ऊन, वारा आणि कमी पाण्याची सवय लावणं, म्हणजे हार्डनिंग, ते दोघांच्या मधल्या फटीत पडतं.

अंगणातला आठवडा

खालच्या पट्ट्याच्या ट्रेंचं काय झालं ते मालकांच्या आईंकडून कळलं. ट्रे आंब्याच्या पूर्वेकडच्या कडेला मांडलेले. सकाळी ऊन सरळ, दहानंतर आंब्याची हलती सावली. पहिले दोन दिवस त्यांनी दुपारी वरून जुनी पातळ साडी पसरली, नंतर ती काढली. पाणी सकाळी एकदाच, झारीने. हे मुद्दाम केलं का, असं विचारलं तर आजी म्हणाल्या, "मुद्दाम कशाचं? पाईप फुटलेला, पाणी आणायचं कुणी?" खत अर्थातच नाही.

जाणून केलेलं हार्डनिंग याहून फार वेगळं नसतं. सावलीत वाढलेलं टोमॅटोचं पान पातळ असतं, वरचा मेणाचा थर नावापुरता आणि आतल्या हिरव्या पेशींची रचना कमी उजेडाला पुरेल एवढीच. असं पान एकदम पूर्ण उन्हात आलं की वापरता येईल त्याहून जास्त उजेड त्यावर पडतो, हरितद्रव्य मोडतं आणि पान पांढरं पडतं. दमट हवेत वाढलेल्या पानांची रंध्रंही सुस्त असतात. कोरडा वारा सुटला तरी ती पटकन मिटत नाहीत. लागवडीनंतर मुळांनी अजून माती धरलेली नसते आणि वरून पाणी उडतच राहतं. पूर्ण उमललेलं जुनं पान नव्या उजेडाला थोडंफारच जुळवून घेतं. खरा बदल त्या उजेडात उमलणाऱ्या नव्या पानात होतो. म्हणूनच हार्डनिंगला आठवडा लागतो आणि दोन दिवसांनी भागत नाही: एक-दोन पानं उघड्यावर फुटायला तेवढा वेळ हवा.

पाणी तोडण्याचं कारणही रोपाला नुसता त्रास देणं हे नाही. पाण्याचा हलका ताण पडला की वाढ आधी मंदावते, अन्न तयार होणं मात्र बऱ्यापैकी चालू राहतं. खर्च कमी, कमाई चालू, म्हणून साखरेचा साठा होतो आणि लागवडीनंतर नवी मुळं फुटतात ती या साठ्यावर. नत्र चालू ठेवलं तर हा हिशेब बिघडतो, रोप पुन्हा लांब आणि मऊ होऊ लागतं. शेवटच्या आठवड्यात १९:१९:१९ बंदच ठेवावं. द्यायचंच असेल तर नत्र नसलेल्या ००:५२:३४ ची एखादी हलकी मात्रा, लिटरला एखादा ग्रॅम.

वाऱ्याचा वाटा आपण विसरतो. हलवल्या, स्पर्श केलेल्या रोपांची खोडं आखूड आणि जाड होतात, या प्रतिसादाला मार्क जॅफी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये शास्त्रीय नावही दिलं. बंदिस्त शेडनेटमध्ये वारा नसतो. तिथे रोज पानं कोरडी असताना शेंड्यांवरून हलकी काठी किंवा हात फिरवला तरी टोमॅटोच्या रोपाची उंची आटोक्यात राहते. पानं ओली असताना मात्र नको, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.

पण सगळं श्रेय अंगणाला देता येईल का?

इथे जरा थांबायला हवं. दोन पट्ट्यांमध्ये फक्त हार्डनिंगचाच फरक नव्हता. वरचा पट्टा दुपारी दोनपासून, तापलेल्या मल्चिंगवर लागला. खालचा पट्टा लावताना मालक सावध झाले होते: आदल्या रात्री ठिबक चालवून बेड वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही असे) आणले, लागवड साडेचारनंतर सुरू केली आणि प्रत्येक भोकात रोपाभोवती मूठभर माती लावून प्लास्टिकची कड दाबली. ही मातीची मूठ एकटीच बुडाचा चटका टाळायला पुरेशी ठरू शकते.

निकाल दिला तो तिसऱ्या गटाने. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, रोपवाटिकेने त्याच वाणाचे काही ट्रे दिले होते, थेट शेडनेटमधून उचललेले. ती रोपं वरच्या पट्ट्यात, खालच्या पट्ट्याच्याच दिवसांत आणि त्याच काळजीने लागली: संध्याकाळी, वाफशावर, कडेला माती लावून. त्यांची बुडं भाजली नाहीत. पानं मात्र पुन्हा तशीच पांढरी पडली, आणि त्यांतली काही रोपं गेलीही. शेजारच्याच बेडवर अंगणातल्या रोपांची पानं त्याच उन्हात टिकून होती.

म्हणून दोन नुकसानं वेगळी मोजायला हवीत. बुड भाजणं हा लागवडीच्या वेळेचा आणि मल्चिंगच्या भोकाचा प्रश्न आहे, पान भाजणं हा हार्डनिंगचा. वरच्या पट्ट्यात दोन्ही एकावर एक बसली, त्यामुळे मरतूक इतकी मोठी दिसली. एकट्या हार्डनिंगने दुपारी दोनची लागवड वाचली असती असं मी म्हणणार नाही.

अंगणातल्या ट्रेंपैकी तीन ट्रे आंब्याखाली मावले नाहीत म्हणून मोटारीच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवले गेले आणि तिकडे कुणी फिरकलं नाही. दुपारचं ऊन, तापलेली भिंत, पाणी कधीतरी. कोकोपीट पूर्ण वाळलं की आकसतं, कप्प्याच्या भिंतीपासून सुटतं, आणि मग झारीने घातलेलं पाणी कडेने खाली निघून जातं, गोळी आत कोरडीच राहते. या ट्रेंमधली रोपं मेली नाहीत. ती जांभळी, ताठ, लाकडासारखी झाली, शेतात लागल्यावर कितीतरी दिवस जागची हलली नाहीत, आणि वीतभर उंचीवरच त्यांना कळी आली. प्लॉटमध्ये ती शेवटपर्यंत ओळखू येत होती. मरतुकीपेक्षा हे नुकसान फसवं असतं, कारण नांग्या भरताना अशा रोपाला कोणी हात लावत नाही.

ताण कुठे थांबवायचा याचं साधं माप ट्रेच्या वजनात आहे. पाणी प्यायलेला ट्रे एकदा उचलून बघावा, मग रोज सकाळी उचलावा. वजन निम्म्यावर आलं आणि दुपारी पानांनी किंचित मान टाकली की पाणी द्यायचं. सकाळीही पान लोंबत असेल तर ताण जास्त झाला. लागवडीच्या आदल्या संध्याकाळी ट्रे पाण्यात बुडवून गोळ्या भरपूर भिजवायच्या, नाहीतर कोरडी गोळी आजूबाजूच्या ओल्या मातीतूनही पाणी नीट घेत नाही.

पांढऱ्या माशीचं काय

उघड्यावर ठेवायचं म्हटलं की नारायणगाव पट्ट्यातला शेतकरी लगेच विषाणूचं नाव काढतो, आणि ते बरोबर आहे. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर रंग न धरणाऱ्या फळांचं संकट आलं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत काकडी मोझॅकसह एकाहून जास्त विषाणू आढळले. असे विषाणू मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यामार्फत फिरतात. रोपवाटिकांच्या बाजू जाळीने बंद असतात त्या याचसाठी. अंगणातल्या त्या आठवड्यात रोपांना लागण झाली नाही हे नशीब, ती पद्धत म्हणून सांगता येणार नाही. खालच्या पट्ट्यात पुढे पानं गुंडाळलेली झाडं वरच्यापेक्षा थोडी अधिक दिसली. तेवढ्यावरून ठाम बोलता येत नाही, पण मला ती खटकली.

तोड सोपी आहे आणि ती रोपवाटिकेतच करता येते: शेडनेट काढायची, कीटकरोधक जाळी ठेवायची. जाळीतून ऊन बरंच आत येतं, वाराही थोडा येतो, माशी येत नाही. शेतावर करायचं तर बांबूच्या कमानींवर तीच जाळी टाकून, कडा मातीने दाबून, ट्रे जमिनीपासून वीतभर उंच ठेवायचे. ट्रे थेट जमिनीवर असले तर मुळं तळाच्या भोकातून मातीत उतरतात आणि उचलताना तुटतात. पहिले दोन दिवस सकाळी आठ ते दहा ऊन, मग वर सावलीचं कापड. पुढे रोज दीड-दोन तास वाढवत न्यायचे, पण चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बारा ते तीनचं ऊन टाळायचं. शेवटचे दोन दिवस आणि रात्री सावलीशिवाय. ढगाळ दिवस मोजायचा नाही, कारण त्या दिवशी रोप काहीच शिकत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे उलटं वाटेल. तिकडचं हार्डनिंग मुख्यतः थंडीसाठी असतं. घरात खिडकीशी वाढवलेलं रोप मे महिन्यात बाहेर काढताना रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जात असेल तर ते आत घ्यावं लागतं, कारण गारठा सोसलेल्या टोमॅटोची पहिली फळं वेडीवाकडी येण्याचा धोका असतो. पानावरचा उन्हाचा पांढरा डाग मात्र तिकडेही असाच दिसतो.

पुढे काय ठरलं

एप्रिलच्या मध्याला दोन्ही पट्टे जवळजवळ एका उंचीचे झाले. आठवडाभर उशिरा लागलेल्या खालच्या पट्ट्याचा पहिला तोडा वरच्यापेक्षा तीन-चार दिवसांनीच आला. वरच्या पट्ट्यात नांग्या भरलेली रोपं मागे राहिली, त्यामुळे बांधणी दोनदा, फवारणीचं वेळापत्रक विस्कटलेलं, आणि तोड्याला बायकांना एकाच बेडवर कच्चं-पिकं निवडत बसावं लागलं. मजुरीत गेलेला हा पैसा मेलेल्या रोपांच्या किमतीपेक्षा जास्त होता, हे मालकांनी स्वतःच हिशेब करून सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी रोपवाटिकेशी बोलणं झालं तेव्हा मी हजर होतो. रोप विसाव्या-एकविसाव्या दिवशी, गोळी मुळांनी बांधली गेली की, वेगळ्या बाकावर काढायचं. तिथे वर शेडनेट नाही, फक्त जाळी. खत बंद, पाणी ट्रेच्या वजनावर. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी उचल. म्हणजे लागवडीची तारीख ठरवून बी टाकण्याचा दिवस आठवडाभर अलीकडे घ्यायचा, बाजार हुकायचा प्रश्न येत नाही. बाक आठवडाभर अडकतो म्हणून रोपामागे काही पैसे जास्त, अर्धी रक्कम आगाऊ. अवकाळी पाऊस किंवा गारपिटीचा इशारा आला तर ट्रे पुन्हा आत, आणि ते दिवस उचलीच्या तारखेत धरायचे. प्लॉटमालकांनी एकच हट्ट धरला: रोप बुटकं दिसलं तरी चालेल, खोड दाखवून द्या.

अडलं ते शेवटच्या कलमावर. मजूर मिळाले नाहीत, बेड तयार नाही, तर ट्रे किती दिवस थांबतील? १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये महिना उलटला की मुळं गोल फिरू लागतात आणि भिंतीजवळच्या त्या तीन ट्रेंसारखं रोप अडून बसतं. तीस दिवसांनंतर न उचललेल्या रोपांची जबाबदारी शेतकऱ्याची, असं बुकिंगच्या चिठ्ठीवर लिहून घेण्याची अट रोपवाटिकेने घातली. मालकांना ती कडक वाटली. मला ती रास्त वाटली, आणि त्यांनी सही केली.